स्टिअरिंगच्या नोंदी: देवगडची जुनी पिकअप

गाडी: जुनी डिझेल पिकअप. पुढे अखंड ॲक्सल आणि किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं ती), चारही चाकांना पाटे. स्टिअरिंग हाताचं, पॉवर नाही. व्हीलबेस २८०० मिमी.
वापर: बागेत खत, फवारणीचं पाणी; हंगामात आंब्याच्या पेट्या.
जागा: घरासमोरचा कोबा.
मुदत: पहिली पेटी निघायच्या आत.

७ नोव्हेंबर

नांदगाव तिठ्याहून देवगडपर्यंत गाडी रिकामी आणली, मुद्दाम ४० ते ६० च्या वेगात. रस्त्याचा चांगला तुकडा निवडला, म्हणजे खड्ड्यांवर ढकलायची सोय नको. सड्यावर (उघड्या पठारावर) वारा लागला की गाडी डावीकडे सरकते, ओढून घेतली की उजवीकडे जाते. सरळ रस्त्यावरसुद्धा हात सतत हलते ठेवावे लागतात. ४० च्या खाली निभतं. ५० च्या वर समोरून एसटी आली की छातीत धस्स होतं.

तक्रारी दोन आहेत, त्या एकत्र लिहिणार नाही.

पहिली: स्टिअरिंग मध्यावर मोकळं आहे. फिरवत राहावं आणि चाकांना पत्ता नसावा, असं.

दुसरी: वळण संपल्यावर स्टिअरिंग आपण होऊन परत येत नाही. जिथे सोडाल तिथे राहतं.

शिवाय किंचित डावीकडे ओढते, पण ओढणं आणि भटकणं या वेगळ्या गोष्टी. ओढणारी गाडी नेहमी एकाच बाजूला जाते. भटकणारी कुठेही जाते.

एक विचित्र बाब. माल भरला की भटकणं कमी होतं. खरं तर उलटं व्हायला हवं: मागे वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पातळ लागतं. आमची गाडी भरल्यावर शहाणी होते. हे विसरायचं नाही.

बाजारात ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "बॉक्स टाइट करून घे." म्हणून बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या गिअरपेटीवरचा, ॲडजस्टिंग स्क्रू पाहिला. लॉकनटवर पान्ह्याचे ताजे ओरखडे आहेत. हा उपाय कुणीतरी आधीच करून बसलंय.

८ नोव्हेंबर

आज फक्त माप. चाकं सरळ, गाडी कोब्यावर स्वतःच्या वजनावर उभी. डॅशबोर्डला तार बांधून तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेपाशी आणलं, कडेवर शिंप्याची टेप चिकटवली. भाचा (आयटीआयला मोटार मेकॅनिक करतोय) खाली बसून पुढच्या चाकांकडे बघणार, मी एका बोटानं स्टिअरिंग फिरवणार. एका बाजूचा ताण लागल्यापासून ते दुसऱ्या बाजूला दोन्ही चाकं हलेपर्यंत कडेवर ८४ मिमी.

स्टिअरिंगचा व्यास ४०० मिमी, म्हणजे ८४ मिमी बरोबर २४ अंश.

आता गंमत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगवरचा बॅकलॅश (मोकळी फिरकी) ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. आमच्या व्यासाला ३० अंश म्हणजे जवळपास १०५ मिमी. कागदावर आमची गाडी पास! अमेरिकेत मालवाहू गाड्यांसाठी ४०६ मिमीपर्यंतच्या हात-स्टिअरिंगला मर्यादा ५१ मिमी आहे, तिथे ती रस्त्यावर येऊ शकली नसती. आपल्या नियमाचा दुसरा भाग मात्र मला जास्त कामाचा वाटतो: स्टिअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. आमच्या गाडीला धड टोपी एकच सापडली. बाकी फाटक्या, आत लाल माती.

२४ अंश म्हणजे रस्त्यावर नेमकं किती, याचा हिशोब केला. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं की चाक साधारण ९ अंश वळतं, म्हणजे प्रमाण २० ला १. २४ अंश मोकळे म्हणजे चाकाशी १.२ अंश, मध्यापासून एका बाजूला ०.६. व्हीलबेस २८०० धरला तर ०.६ अंशाला गाडी सुमारे २६७ मीटर त्रिज्येच्या वळणावर जाते. ६० च्या वेगात एका सेकंदात १६.७ मीटर पुढे आणि अर्धा मीटर बाजूला. आपण हात न हलवता. देवगड-निपाणी रस्त्यावर ट्रक आणि आपण यांच्यात पुष्कळदा तेवढंच अंतर असतं.

९ नोव्हेंबर

टायर. पुढे उजवीकडे नायलॉन, डावीकडे रेडियल. हवा एकीकडे ३८, दुसरीकडे २४. नायलॉन आणि रेडियल बाजूच्या जोरापुढे वेगळे वागतात, एका ॲक्सलवर दोन्ही कधीच नकोत. स्टेपनी रेडियल निघाली, ती पुढे घेतली, हवा दोन्हीकडे सारखी केली. डावीकडे ओढणं गेलं. भटकणं जसंच्या तसं.

१४ नोव्हेंबर

मेस्त्री आले. वय झालंय, गॅरेज मुलाकडे दिलंय, पण स्टिअरिंगचं काम म्हटलं की स्वतः येतात. बॉक्सचा विषय काढल्याबरोबर म्हणाले, "बॉक्साक हात लावू नको. आधी खंय किती हलता ता बघूया." मी जॅक आणला तर तोही बाजूला ठेवायला लावला. चाकं जमिनीवर असली की टायर रस्त्याला धरून ठेवतो आणि प्रत्येक सांध्यावर खरा जोर येतो. गाडी उचलली की सगळं एकदम हलतं आणि ढिला सांधा लपून राहतो.

पद्धत साधी, पण इतक्या नीटपणे कुणी करताना मी पाहिलं नव्हतं. भाचा स्टिअरिंगवर, टेप आठ तारखेचीच. मेस्त्री गाडीखाली, एकेका जोडावर तळहात असा ठेवलेला की अर्धा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं. भाच्यानं सावकाश फिरवायचं आणि मेस्त्रींनी "हां" म्हटलं की मी टेपवरचा आकडा लिहायचा. भाचा उत्साहात दणके द्यायला लागला तेव्हा खालून आवाज आला, "मेल्या, लढाय करूची नाय. बोटान हालव."

एका दिशेनं जाताना कुठला भाग कोणत्या आकड्याला जागा होतो, ते असं निघालं:

बॉक्समध्ये शिरणारा दांडा ६ मिमीला फिरू लागला. ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघालेला, मागे-पुढे झुलणारा दांडा) ३१ ला. ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून उजव्या चाकाकडे जाणारा दांडा) ३८ ला. उजव्या चाकाचा आर्म, म्हणजेच उजवं चाक, ७० ला. डावं चाक ८४ ला.

वजाबाकी केली की गुन्हेगार आपोआप रांगेत उभे राहतात. कॉलमच्या खालच्या जॉइंटचे ६. बॉक्सचे २५. ड्रॉप आर्मकडच्या बॉल जॉइंटचे ७. ड्रॅग लिंकच्या चाकाकडच्या जॉइंटचे ३२. टायरॉडच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांचे मिळून १४. बेरीज ८४.

ज्या बॉक्सवर सगळा गाव बोट ठेवत होता, त्याच्या वाट्याला तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी आलं. सर्वांत मोठा चोर चाकाकडचा जॉइंट. तो चाकाच्या आत, चिखलाच्या माऱ्यात असतो आणि उभ्यानं दिसत नाही.

बॉक्सच्या २५ मध्येही मेस्त्रींना शंका आली. ड्रॉप आर्म उशिरा हलतो कारण आतले दाते झिजलेत, की बॉक्सच चासीवर हलतोय? बॉक्सचं घर आणि चासी यांच्यामध्ये बोट ठेवलं आणि माझंही बोट तिथे नेऊन ठेवलं. हलतोय. बोल्टच्या वायसरभोवती गंजाची बारीक पूड जमलेली, म्हणजे हे घासणं जुनं आहे. बोल्ट आवळून पाहिले. घट्टच होते. तरी हलतोय.

अंधार पडला.

१६ नोव्हेंबर

आता जॅक. ॲक्सलखाली जॅक, शेजारी घोडी (टेकूचा स्टँड), मगच हात आत.

चाक वर-खाली धरून हलवलं. दोन्ही बाजूंना प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. मग भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. डावीकडचा प्ले गेला, म्हणजे तो हब बेअरिंगचा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि पाठीमागची प्लेट एक होतात, बेअरिंगला हलायला जागा राहत नाही. उजवीकडचा ब्रेक दाबूनही राहिला. तो किंगपिन. खालचा बुश गेला. ड्रॅग लिंकचा सगळा ढकला-ओढीचा जोर याच बाजूला येतो, तेव्हा आश्चर्य नाही.

डावं बेअरिंग साफ करून, ग्रीस भरून, आवळून-सैल करून बसवलं.

किंगपिनचे ग्रीस निपल तपासले. उजवीकडचा खालचा आणि डावीकडचा वरचा मातीनं बंद. ग्रीस गन लावली की ग्रीस बाहेरूनच परत येतं आणि माणसाला वाटतं भरलं. नवं ग्रीस बुशच्या दुसऱ्या टोकातून बाहेर आलेलं दिसलं तरच भरलं समजावं, आणि ते चाकावरचं वजन काढून मारावं. नाहीतर वजनाखाली दाबलेल्या बाजूला ते पोचत नाही.

१९ नोव्हेंबर

बॉक्स उतरवला. ड्रॉप आर्म काढण्याआधी दांड्यावर आणि आर्मवर पंचानं खूण केली. पुलर लागला, हातोडा नाही.

चासीची ती जागा तारेच्या ब्रशनं घासली, डिझेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. चहा होईपर्यंत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली: वरच्या बोल्टच्या भोकापासून सुरू होऊन तिरकी खाली गेलेली, दोन बोटं लांब. तडा. आतलं डिझेल बाहेर झिरपतं आणि खडू ते दाखवतो. या तपासणीला खर्च शून्य.

आधीच्या मालकाकडे गाडी मासळीच्या कामाला होती. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून वर्षानुवर्षं चासीवर पडलं. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि लाल मातीचा थर. माती वाळली तरी आत ओल धरून ठेवते, आणि मीठ ती ओल सुटू देत नाही. मेस्त्री म्हणाले, "ह्यो सगळो मिठाचो परताप." मला वाटतं निम्मा मिठाचा, निम्मा ढिल्या बोल्टचा. बोल्ट एकदा सैल झाला की बॉक्सचा प्रत्येक हिसका भोकाच्या कडेवर बसतो आणि धातू थकतो. नंतर कुणी बोल्ट आवळले असतील, पण तोवर तडा सुरू झालेला.

२१ नोव्हेंबर

वेल्डिंग. बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडल्या. तड्याच्या टोकाला ४ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे धावत नाही. तडा ग्राइंडरनं चिरून भरला, साफ केला, आतून ६ मिमीची प्लेट. प्लेटची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती कापली, आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्ड अजिबात नाही. तिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो. बोल्ट नवे, मूळ ग्रेडचे. प्रायमर, रंग, कोरड्या पोकळीत जुनं इंजिन ऑइल.

वेल्डरला एवढ्या अटी आवडल्या नाहीत. काम छान केलं.

२५ नोव्हेंबर

बॉक्स घेऊन एसटीनं फोंडा घाटातून कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात स्टिअरिंगचे बॉक्स उघडणारे कारागीर आहेत. लेथ, रिमर, बेअरिंग सगळं हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं.

भरायचा प्लग उघडला तर आत ऑइल नाही, ग्रीस. ड्रॉप आर्मच्या दांड्याचं सील गळायला लागलं की ऑइल टिकत नाही, म्हणून ग्रीस कोंबायचं, ही रस्त्यावरची जुनी युक्ती. ग्रीस दात्यांनी एकदा बाजूला सारलं की परत मध्ये येत नाही. वर्मच्या (आतल्या मळसूत्री दांड्याच्या) वरच्या बेअरिंगच्या कडीवर खड्डे पडलेले.

ॲडजस्टिंग स्क्रूची गोष्टही इथेच उलगडली. बॉक्स हातात धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवला, तर मध्यावर मोकळा आणि बाजूंना जड. हा बॉक्स मुळात मध्यावर किंचित घट्ट आणि बाजूंना किंचित सैल बनवतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते आणि झीज मध्येच होते. झिजलेला मध्य भरून काढायला स्क्रू आवळला की बाजू अडकतात. मध्याची सैल जागा थोडी कमी होते, पण स्टिअरिंग परत येणं बंद होतं. दोन नंबरच्या तक्रारीचं उत्तर मिळालं, असं तेव्हा वाटलं.

नवी बेअरिंग, नवं सील. आधी शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून वर्मच्या बेअरिंगचा ताण बसवला, मग टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर मध्य काढला आणि मध्यावरच स्क्रू लावला. हाताला फक्त मध्यावर हलकासा अडथळा लागावा, एवढाच. ईपी ९० ऑइल. हे सगळं ड्रॅग लिंक सुटी असतानाच करायचं. गाडीवर जोडलेलं असताना चाकांच्या जडपणात बॉक्सचा जडपणा ओळखू येत नाही.

२ डिसेंबर

ड्रॅग लिंकचे दोन्ही आणि टायरॉडचे दोन्ही जॉइंट नवे. किंगपिनचा किट दोन्ही बाजूंना. एकीकडचाच बदलू म्हणत होतो, मेस्त्रींनी ऐकलं नाही. बुश दाबून बसवल्यावर वरचा-खालचा एका रेषेत रिमर करून घेतले. ग्रीसचं भोक बुशच्या भोकासमोर आलं की नाही ते तार घालून पाहिलं. कॅसल नटात स्प्लिट पिन बसत नव्हती तेव्हा नट मागे न घेता पुढच्या खाचेपर्यंत आवळला. रबरी टोप्या सगळ्यांना.

बाहेर कलमांना मोहोराची चाहूल. एका बाजूला फवारणी चालू, एका बाजूला हे.

८ डिसेंबर

पुन्हा टेप. ८४ चे २२ मिमी झाले, सव्वासहा अंश. भाच्यानं पेढे मागितले.

मग गाडी रस्त्यावर काढली आणि पेढे राहिले. स्टिअरिंग घट्ट, प्रत्येक हालचालीला चाक लगेच उत्तर देतं. पण गाडी भटकतेच. उलट आता जास्त जाणवतं, कारण पूर्वी निम्मी चूक मोकळ्या जागेत विरून जायची, आता बोटभर हलवलं तरी गाडी जाते. वळणावरून स्टिअरिंग अजूनही परत येत नाही. मेस्त्री शेजारी बसले होते. सड्यावरच्या सरळ रस्त्यावर बराच वेळ गप्प. मग: "घट्ट झाली, पन सरळ काय जाणा नाय."

म्हणजे बॉक्सचा जडपणा हे दुसऱ्या तक्रारीचं एक कारण होतं, मुख्य नव्हे.

९ डिसेंबर

परत न येण्याची कारणं मोजकी. बॉक्स जड, किंगपिन जड, किंवा कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी. (टो-आउट, म्हणजे चाकं पुढून फाकलेली, असली तरी गाडी भटकते, पण तिच्यानं स्टिअरिंग असं मेल्यासारखं पडून राहत नाही.) बॉक्स उद्यमनगरात हातानं पाहिला होता. ड्रॅग लिंक सोडली, पुढचा भाग उचलला, चाकं हातानं इकडून तिकडे झुलवली: एका हातानं सहज. किंगपिनही निर्दोष सुटला. राहिला कॅस्टर.

सायकलचा पुढचा काटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. इथे तोच तिरकेपणा किंगपिनला असतो: वरचं टोक मागे झुकलेलं. त्यामुळे किंगपिनची रेषा जमिनीला जिथे भेटते ती जागा टायर टेकतो त्याच्या पुढे पडते, आणि टायर मागे ओढला जाऊन स्वतःला सरळ करतो. हा कोन काही अंशांचाच असतो. तो शून्यावर आला की चाकाला सरळ कुठे ते कळत नाही.

फॅब्रिकेशनवाल्याकडून चुंबकाचा डिजिटल लेव्हल आणला. ॲक्सलच्या डोक्यावर, किंगपिनच्या भोकाशी, मशीननं कापलेली सपाट जागा असते. ती खरवडून लेव्हल लावला. आकडा उणे १.१. पण आमच्या कोब्याला पावसाचं पाणी जायला उतार दिलेला आहे. गाडी वळवून उलट्या तोंडानं त्याच जागी उभी केली: अधिक ०.३. दोन्हींची सरासरी उणे ०.४, आणि कोब्याचा उतार ०.७ अंश. कॅस्टर उणे! किंगपिन पुढे झुकलाय.

आता भरलेल्या गाडीचं कोडं. हौद्यात मागे शेणखताची ६०० किलो पोती रचली. मागची बाजू ५५ मिमी खाली बसली. २८०० च्या लांबीत ५५ मिमी म्हणजे १.१ अंश, आणि लेव्हलही अधिक ०.७ दाखवू लागला. मागचं बूड बसलं की चासी मागे कलते, तिच्याबरोबर पुढचा ॲक्सलही. शेणखतानं कॅस्टर दुरुस्त होत होता. मागे कधीतरी जास्तीच्या मालासाठी एक पाटा वाढवलेला आहे, म्हणून रिकामी असताना शेपटी वर असते.

पण पाट्यानं एवढं होणार नाही. पुढचे पाटे पाहिले. त्यांना गेल्या वर्षी एका गॅरेजात कमान चढवून घेतली होती. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये कॅस्टरसाठी निमुळती पट्टी असते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. आमच्या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर बसतो, तेव्हा जाड कड मागे हवी. मेस्त्रींनी बॅटरी मारली, बोट आत घातलं, माझ्याकडे बघून हसले. "पट्टी उलटी बसवल्यानी हा." दोन्ही बाजूंना. जाड कड पुढे.

पट्टी २ अंशांची आहे. उलटी बसली की २ अंश मिळायचे ते राहिले बाजूला, २ अंश वजा झाले. फरक ४ अंशांचा.

१३ डिसेंबर

यू बोल्ट सोडले, पट्ट्या फिरवल्या. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नीट बसलं याची खात्री दोनदा. ते वर चढून बसलं तर ॲक्सल तिरका होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. यू बोल्ट नवे, तिरक्या जोडीनं थोडे थोडे आवळले. लेव्हल दोन्ही तोंडांनी: सरासरी अधिक ३.६. हिशोबाप्रमाणेच.

ओळंबा सोडून चारही चाकांचे मध्य कोब्यावर खडूनं उतरवले. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस ३ मिमीच्या आत सारखा. मागचा ॲक्सल सरळ आहे. तो तिरका असता तर पुढे काहीही करून गाडी खेकड्यासारखी गेली असती.

मग टो. चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्यानं रेघ ओढली, गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलली, हबच्या उंचीला पुढे आणि मागे अंतर मोजलं. पुढे ४ मिमी जास्त, म्हणजे टो-आउट. आमचा टायरॉड ॲक्सलच्या मागे आहे, तेव्हा नळी फिरवून लांबी वाढवली की टो-इन होतं. २ मिमी टो-इनवर ठेवून क्लॅम्प आवळले. टो शेवटी का? कॅस्टर आणि जॉइंट बदलले की ती बदलते. आधी अलाइनमेंट करून आणलेल्या गाड्या परत येतात त्या यामुळेच.

१५ डिसेंबर

नांदगाव तिठा ते देवगड, तोच रस्ता, गाडी रिकामी. ६० ला एक हात पुरतो. वारा लागला की जाणवतं, पण गाडी ढकलली जाते तेवढीच, पुढे धावत नाही. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग तळव्यातून सरकत मध्यावर येतं. भाच्याला चालवायला दिली. तो म्हणाला, "मामा, ही दुसरीच गाडी आहे."

किंमत एकच: उभ्या गाडीत स्टिअरिंग आता जड आहे. बाजारात गाडी लावताना हात भरून येतात. मेस्त्रींनी विचारलं, पट्टी बदलून एक अंश कमी करू का? नको म्हटलं. गाडी लावायला मिनिट लागतं, घाट उतरायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

मागचा वाढवलेला पाटा काढायचा की ठेवायचा यावर थोडा वाद झाला. भाच्याचं म्हणणं काढा. मी ठेवला. मार्च ते मे गाडी भरलेलीच असते, आणि कॅस्टर आता रिकामीतही पुरेसा आहे.

१० जानेवारी

यू बोल्ट पुन्हा आवळले, पाव फेरा घेतला. बॉक्सचे बोल्ट जागच्या जागी, वायसरभोवती पूड नाही. वेल्डवर डिझेल-खडू करून पाहिला, रेघ नाही. स्टिअरिंगचा प्ले २४ मिमी. पुढचे टायर सारखे झिजताहेत.

राहिलेलं: कॉलमच्या खालच्या जॉइंटचे ते ६ मिमी तसेच आहेत, भाग सांगून ठेवलाय. मागच्या शॅकलचे बुश हंगाम संपल्यावर. चासी दर पंधरवड्याला गोड्या पाण्यानं खालून धुवायची, विशेषतः बंदरावर जाऊन आल्यावर. हे काम भाच्याकडे.